कॉम्प्रेसरला डिजिटल ट्विन लावायचा का? स्काडा आहे तेवढा पुरत नाही का?

तुम्ही विचारलंय की प्लँटमध्ये दोन स्टेजचा रेसिप्रोकेटिंग (पिस्टनवाला) एअर कॉम्प्रेसर आहे, प्रेशर टेंपरेचर सगळं स्काडावर (सेन्सरचे आकडे स्क्रीनवर दाखवणाऱ्या सिस्टीमवर) दिसतंच, मग व्हेंडर ज्या डिजिटल ट्विनचे, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचे, पैसे मागतोय त्यात वेगळं काय मिळणार. मी कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्समध्येच आहे म्हणून सांगतो, फरक आहे आणि चांगला मोठा आहे. स्क्रीनवर फिरणारं थ्रीडी चित्र मात्र सोडून द्या, त्याचे पैसे देऊ नका.

स्काडा सांगतो आत्ता टेंपरेचर किती आहे. ट्विन सांगतो की आजच्या हवेला, आजच्या लोडला, मशीन ठणठणीत असतं तर ते किती असायला हवं होतं. ह्या दोन आकड्यांमधलं अंतर बघायचं, सगळा खेळ तिथंच आहे.

तुमचंच मशीन घ्या. हवा ७ बार गेजला देताय, म्हणजे वातावरणाचा १ बार मिळवून ॲब्सोल्यूट ८, दोन स्टेजमध्ये सारखं वाटलं तर प्रत्येकी साधारण २.८३ पट. आता पुण्याकडं डिसेंबरच्या सकाळी आत येणारी हवा १२ अंश असेल तर थिअरीप्रमाणं पहिल्या स्टेजचं डिस्चार्ज ११० च्या आसपास निघतं, आणि मे महिन्यात दुपारी ४० अंशाची हवा घेतली की तेच १४८ होतं (२७३ मिळवून केल्विन करायचं, २.८३ च्या ०.२८६ घाताने गुणायचं आणि २७३ परत वजा करायचे, मोबाईलवर होतं). जॅकेट कूलिंगमुळं प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतील पण मुद्दा बघा, मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना ३७-३८ अंशांचा फरक पडतोय. समजा अलार्म १६० ला लावलाय आणि थंडीत व्हॉल्व्ह लीक होऊन टेंपरेचर २५ अंशांनी चढलं, तर स्क्रीनवर १३५ दिसणार, अलार्म गप्प, शिफ्टमधला माणूस रीडिंग लिहून पुढं जाणार. ट्विनमध्ये ते +२५ म्हणून पहिल्याच दिवशी डोळ्यात भरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बिघाड कुठं आहे तेही कळतं, आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. इंटरस्टेज प्रेशर, म्हणजे दोन स्टेजच्या मधलं, गेजवर १.८ बारच्या आसपास हवं. ते वर गेलं तर हाय प्रेशर (दुसऱ्या स्टेजच्या) सिलिंडरचे व्हॉल्व्ह किंवा रिंग हवा पुढं ढकलत नाहीयेत, खाली आलं तर लो प्रेशरवाल्याकडं बघा, किंवा सक्शन फिल्टर चोक झालाय. दुसऱ्या स्टेजला जाणारी हवा कूलिंग वॉटरच्या मानानं जास्तच गरम यायला लागली तर इंटरकूलरमध्ये (दोन स्टेजच्या मध्ये हवा थंड करतो तो) स्केल बसलंय, बोअरचं जड पाणी असेल तर हे होणारच. जुने फिटर सक्शन व्हॉल्व्हच्या कव्हरला हात लावून सांगतात ना, हा गरम लागतोय म्हणजे लीक आहे, ते ज्ञान अगदी खरं आहे, पण तो माणूस रात्रपाळीला प्रत्येक कव्हरपाशी उभा राहू शकत नाही, तिथं एक आरटीडी (टेंपरेचरचा सेन्सर) लावा, तो राहतो.

आता काळजी कुठं घ्यायची ते. मॉडेल ओव्हरहॉल झाल्यावर लगेच, मशीन चांगलं असतानाच जुळवून घ्यायचं, नाहीतर ते झिजलेल्या मशीनलाच नॉर्मल समजेल. लोड-अनलोडची स्थिती (मशीन हवा भरतंय की नुसतंच फिरतंय) त्याला कळली पाहिजे, अनलोडमधले आकडे मिसळले की अर्थ लागत नाही. आणि सेन्सर आधी कॅलिब्रेट करा, ह्यावर मी भांडायला तयार आहे, कारण ५ अंश चुकीचं दाखवणाऱ्या सेन्सरवर कितीही महागडं सॉफ्टवेअर लावलं तरी ते ५ अंश चुकीचंच बोलणार.

स्क्रू कॉम्प्रेसरवाल्यांनी वरचं टेंपरेचरचं गणित लावू नये, ऑइल इंजेक्टेड मशीनमध्ये डिस्चार्ज टेंपरेचर तेल ठरवतं. तिथं एका घनमीटर हवेला किती वीज लागतेय ते आणि ऑइल सेपरेटरवरचा प्रेशर ड्रॉप धरून मॉडेल करतात. आणि एखादंच छोटं स्क्रू मशीन असेल तर ट्विनच्या नादी लागू नका, त्या पैशात लाइनमधली गळती बंद करा, आपल्याकडं बऱ्याच कारखान्यांत २०-३० टक्के हवा तिथंच जाते. तुमच्यासारखं, कॉम्प्रेसर थांबला की लाइनच थांबते आणि स्टँडबाय नाही, अशा ठिकाणी मी घ्या म्हणेन.

व्हेंडरची परीक्षा मात्र घ्या. ज्या वर्षी तुमचा एखादा व्हॉल्व्ह तुटला असेल त्या वर्षाचा स्काडाचा डेटा त्याला द्या, ब्रेकडाऊनची तारीख सांगू नका, आणि शेवटचे काही दिवस कापूनच द्या, म्हणजे मशीन बंद पडलेलं त्याला दिसणार नाही. मग विचारा, तुमच्या मॉडेलला गडबड कधी दिसली आणि कुठल्या सिलिंडरला. उत्तर बरोबर आलं तर पुढचं बोला. पाच मिनिटांच्या ॲव्हरेजचा डेटा असला तरी ह्या कामाला पुरतो. पीव्ही डायग्राम (सिलिंडरमधल्या प्रेशर-व्हॉल्यूमचा आलेख) दाखवतो म्हणाला तर क्रँकच्या कोनाशी जुळवलेलं सिलिंडरमधलं प्रेशर कुठून घेणार ते विचारा, त्याला सिलिंडरला इंडिकेटर टॅप आणि वेगळं हार्डवेअर लागतं, ते कोटेशनमध्ये आहे का बघून घ्या.