आराखड्यावरून वेगाचा अंदाज: यात करिअर आहे का?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर लिहिण्याआधीच आराखड्याचे सिम्युलेशन करून त्याची कामगिरी वर्तवण्याचा प्रकल्प सरांनी सुचवला आहे. मित्र मात्र म्हणतात, 'लोड टेस्टिंग (तयार सॉफ्टवेअरवर मुद्दाम भार टाकून वेग मोजणे) शिक, नोकऱ्या तिथेच आहेत.' मी काय निवडावे?

उत्तर: मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. 'सिम्युलेशन' या नावाने निघणाऱ्या जागा थोड्या असतात. हे काम बहुधा परफॉर्मन्स इंजिनिअर किंवा कपॅसिटी प्लॅनिंग (क्षमतेचे नियोजन) अशा पदांच्या पोटात दडलेले असते. मात्र लोड टेस्टिंगसाठी आधी सॉफ्टवेअर तयार व्हावे लागते, आणि तोवर आराखड्यातली चूक महाग झालेली असते.

एक उदाहरण पाहा. एका सर्व्हरला प्रत्येक विनंतीमागे सरासरी 20 मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्याची कमाल क्षमता सेकंदाला 50 विनंत्यांची. विनंत्या यदृच्छया येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही तसाच कमी-जास्त होतो, असे धरले, तर सेकंदाला 40 विनंत्यांवर सरासरी प्रतिसाद 100 मिलिसेकंदांचा मिळतो. 45 वर तो थेट 200 होतो. भार वाढला आठव्या हिश्शाने, रांगेतली प्रतीक्षा (प्रतिसादातून कामाचे 20 मिलिसेकंद वजा करून) मात्र 80 वरून 180, म्हणजे दुपटीहून अधिक. टेलिफोनच्या वाहतुकीसाठी डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी 1909 मध्ये ज्या रांगांच्या गणिताचा पाया घातला, तेच हे गणित. मात्र कुलुपे (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारे लॉक), थ्रेड पूल (विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडचा ठरावीक संच) आणि कॅश (वारंवार लागणाऱ्या डेटाचा जवळचा साठा) एकमेकांत गुंतले की सूत्र पुरत नाही, आणि तिथे सिम्युलेशन लागते.

यासाठी तयार साधने आहेत. पॅलाडिओमध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या आराखड्यावरूनच असे अंदाज काढता येतात. जेएमटीमध्ये रांगांचे जाळे मांडता येते, आणि पायथन येत असेल तर सिमपाय ही त्यातली सिम्युलेशन लायब्ररीही पुरेशी आहे. साधन कोणते, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. प्रत्येक घटकाला लागणारा वेळ कुठून आणला, यावर अंदाजाची सारी भिस्त असते, कारण हे आकडे मनाने घातले तर आलेख कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

म्हणून प्रकल्प जरूर घ्या, पण एक छोटी सेवा प्रत्यक्ष बांधून तिच्यावर लोड टेस्टही करा, आणि अंदाज व मोजमाप एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडा. दोन्हींत तफावत येईलच. ती लपवू नका. मुलाखतीत मी उमेदवाराला सर्वप्रथम त्या तफावतीचे कारण विचारेन.