पोरांचे हात चालतात, डोकं कसं चालवायचं?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी एका करिअर कॉलेजात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स शिकवतो. मुलं हुशार आहेत, हातही छान चालतात, पण बिघाड मॅन्युअलमधल्यापेक्षा वेगळा निघाला की एकतर माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात नाहीतर एकेक पार्ट बदलत सुटतात. म्हणून मी आठवड्याला एक तास रीझनिंगचा सुरू केला, कोडी, आकृत्या, नंबर सिरीज वगैरे. कोडी आता पटापट सुटतात पण वर्कशॉपमधे फरक शून्य. माझं काय चुकतंय?

उत्तर: सर, तुमची तळमळ पोचली. चुकतंय एवढंच की विचार करायला तुम्ही वेगळा तास दिलात, आणि मुलांनी तो त्या तासातच ठेवून दिला. हे फक्त तुमच्याच मुलांचं होतं असं नाही बरं का. 1980 साली मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना आधी गोष्ट वाचायला दिली, किल्ल्याच्या रस्त्यांवर सुरुंग असतात, मोठं सैन्य एका वाटेने गेलं तर उडणार, म्हणून सेनापती छोट्या तुकड्या करून सगळीकडून एकाच वेळी आत घुसवतो. मग विचारलं, पोटात गाठ आहे, जोरदार किरण सोडले तर चांगला भागही जळतो, काय कराल? उत्तर तेच आहे ना, कमी ताकदीचे किरण सगळ्या बाजूंनी सोडायचे! पण गोष्ट नुकतीच वाचलेली असूनही बऱ्याच जणांना ते जुळलं नाही, "त्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा" असं सांगितल्यावर मात्र बहुतेकांना सुचलं. मग नंबर सिरीजमधून कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, का ओढला जात नाही हे आपोआप कसं सुचणार?

तेव्हा तो तास वर्कशॉपमधेच आणा. कमी व्होल्टेजच्या ट्रेनिंग बोर्डवर तुम्हीच मुद्दाम फॉल्ट करून ठेवा, कधी सैल वायर, कधी स्टॉप बटणाचा खराब कॉन्टॅक्ट, कधी आतून तार तुटलेली कॉइल, आणि नियम एकच, मीटर लावायच्या आधी तोंडाने बोलायचं. कुठे तपासणार, तिथेच का, काय रीडिंग येईल असं वाटतं आणि तसं नाही आलं तर त्यावरून काय कळेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वर्ग पंधरा मिनिटं गप्प होता, मला फार अवघडल्यासारखं झालं आणि उत्तर सांगून टाकावंसं वाटत होतं, पण थांबले ते बरं झालं. एक मुलगा हळूच म्हणाला की मधेच बघू, तिथपर्यंत सप्लाय येत असेल तर अलीकडचं सगळं ठीक आहे. अर्ध्यात तोडण्याची पद्धत त्याने स्वतःच शोधली होती! एकामागे एक 16 टप्पे असतील आणि फॉल्ट एकच असेल तर टोकापासून एकेक बघत गेलात तर 15 तपासण्यासुद्धा लागू शकतात, दरवेळी मधोमध तोडलंत तर 4 मधे सापडतो. हे गणित मुलांना फळ्यावर नाही, बोर्डवर मोजू द्या.

जोड्याही लावा, एकाने मोठ्याने विचार करत काम करायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं आणि "हे कशावरून?" एवढंच विचारायचं, हात लावायचा नाही. मग अदलाबदल. आणि फॉल्ट सापडला की लगेच पुढच्या बोर्डकडे पळू देऊ नका, पाच मिनिटं थांबवून विचारा की हीच युक्ती पाण्याच्या पाइपलाइनला चालेल का, नेटवर्क केबलला चालेल का. सेनापतीच्या गोष्टीत जे जोडून दाखवावं लागलं ते इथे तुम्ही जोडून घेताय, ही पाच मिनिटं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

प्रश्न: मी फार्मसी असिस्टंटच्या मुलींना डोसची गणितं शिकवते. आधी सोडवून दाखवावं की त्यांना झगडू द्यावं? दोन्ही सल्ले ऐकलेत, गोंधळलेय.

उत्तर: ताई, नवीन असताना सोडवून दाखवा, अगदी निर्धास्तपणे. शिक्षणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात हेच दाखवलं, की नवशिक्याला सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला दिली तर नुसत्या झगडण्यापेक्षा जास्त शिकणं होतं, कारण झगडण्यातच डोकं भरून जातं. पण तिथेच राहू नका, पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी सोडा, मग शेवटच्या दोन, असं करत सगळंच त्यांच्यावर सोपवा. आणि आकडेमोडीआधी अंदाज घ्या. औषध 5 मिलीत 250 मिग्रॅ आहे, द्यायचंय 125 मिग्रॅ. आधी विचारा, 5 मिलीपेक्षा जास्त लागेल की कमी? कमी म्हणाली की मग भागाकार उलटा झाला आणि 10 मिली आलं तर ती स्वतःच दचकते, बरोबर उत्तर 2.5 मिली. हे दचकणं शिकवता आलं पाहिजे हो, औषधाच्या कामात तर फारच.

प्रश्न: हे सगळं ठीक, पण परीक्षेत मार्क कसे द्यायचे? मशीन चालू झाली की पास, असंच चालत आलंय.

उत्तर: अर्धे मार्क चालू होण्याला, अर्धे कागदाला. कागदावर काय दिसलं, कशावर संशय, का, कोणती टेस्ट, काय रीडिंग आलं आणि त्यावरून काय बाद केलं एवढंच. नशिबाने पार्ट बदलून चालू केलेल्या मुलाला त्या अर्ध्यातलं काही मिळत नाही, आणि फॉल्ट सापडला नाही पण चार शक्यता नीट बाद केल्या त्याला मिळतं. पहिल्या वेळी मुलं भांडतील, तेव्हा परीक्षेच्या महिनाभर आधीच दोन जुने कागद भिंतीवर लावून ठेवा, एक चांगला आणि एक पोकळ.