ठराव वाचलास, आता वसुली बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या जुन्या शाळामास्तरांच्या पगारावरचं तुझं पहिलं प्रकरण वाचलं. मॅसॅच्युसेट्स या तिथल्या इंग्रज वसाहतीचा १६४७चा कायदा नीट मांडलायस: पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा, शंभर घरं झाली की लॅटिनची शाळा काढायची, नाही तर वर्षाला ५ पौंड दंड. पण तू तिथेच थांबलीस. मास्तरचा पगार मुलांच्या आईबापांनी द्यावा किंवा सगळ्या गावाने, असंही त्यात लिहिलंय. त्या ‘किंवा’वर थांब. त्याच वसाहतीतल्या डेडम गावाने त्याआधीच, १६४४मध्ये, वर्षाला २० पौंड गावाच्या पैशातून द्यायचं ठरवलं होतं. सगळ्या गावांची तशी तयारी नव्हती. दंड पुढे वाढवावा लागला, तो उगाच नाही.

आता इझिकिएल चीव्हर घे. त्या काळातला नावाजलेला शिक्षक. १६६६मध्ये तिथल्याच चार्ल्सटाउन गावाच्या कारभाऱ्यांपुढे त्याने तीन गोष्टी मांडल्या: शाळा मोडकळीला आलीय, ती लवकर दुरुस्त करा; माझा पगार वेळेवर द्या, कर गोळा करणाऱ्या कॉन्स्टेबलांकडे बरीच बाकी राहिलीय; आणि दुसऱ्या मास्तरला गावात शाळा काढू देणार नाही हा शब्द मी आलो तेव्हा दिला होतात, तो पाळा. एवढ्या मोठ्या माणसाला हे मागावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. १६७०मध्ये तो बॉस्टनला गेला, ६० पौंड आणि राहायला घर या बोलीवर.

खेड्यापाड्यांत रोकड कमीच. पगारात धान्य यायचं, हिवाळ्यात शाळेसाठी घरटी लाकडं यायची. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. तिथे मास्तरच घरोघर पाळीने राहायचा, ज्या घरची मुलं जास्त तिथे दिवस जास्त. हा मुक्काम पगारातच धरलेला असे, म्हणून नुसता रोख आकडा बघून पगार ठरवू नकोस.

बायकांचं स्वतंत्र प्रकरण कर. उन्हाळ्यात लहान मुलांना बाई शिकवायची, हिवाळ्यात शेतीतून मोकळ्या झालेल्या थोरल्या मुलांना पुरुष, आणि बाईचा पगार बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शाळा सुधारण्यासाठी झटणारा होरेस मन १८३७मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव झाला, तेव्हाही हेच चालू होतं.

पुढच्या वेळी येताना एकाच गावाचा हिशेब आण. तीन रकाने कर: ठरले किती, जमले किती, मास्तरच्या हातात पडले किती.

तुझा,
सर