पॅकर्सवाल्याने ट्रेडमिल वाकवली आणि वर सहा हजारही घेतले, आता काय करायचं?

प्रश्न: सर, आम्ही लालबागहून मुलुंडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. पॅकर्सचं बुकिंग २० मेला केलं, १४,५०० ला ठरलं, त्यात घरसामान आणि माझी होम जिम. वर इन्शुरन्स म्हणून १,८०० घेतले, जिमच्या सामानाची किंमत फॉर्मवर ६०,००० टाकली होती. ३१ मेला सामान हललं, पाऊस होता. मुलुंडला सर्व्हिस लिफ्ट बंद, वॉचमनने साध्या लिफ्टमधून नेऊ दिलं नाही, सेक्रेटरींनी ५,००० डिपॉझिट घेतलं, आणि पॅकर्सचा सुपरवायझर म्हणाला जड सामानाचे अजून ६,००० द्या नाहीतर ट्रेडमिल आणि मल्टीजिम गोडाऊनला परत नेतो. मी यूपीआयने पाठवले. सामान वर आल्यावर घाईत कागदावर सही केली, तीन दिवसांनी जोडायला गेलो तर ट्रेडमिलची फ्रेम वाकलेली, डिस्प्लेवर एरर, मल्टीजिमचे दोन्ही रॉड वाकडे. ट्रेडमिल ८५,००० ची आहे, दीड वर्ष झालं. कंपनी म्हणते बाहेरच्यांनी खोलली म्हणून वॉरंटी नाही, पॅकर्सवाला म्हणतो बिलावर ‘ओनर्स रिस्क’ छापलंय. स्पिन बाईक, रॅक आणि १२० किलो प्लेट्स अजून लालबागलाच आहेत. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. केस तुमच्या हातातून गेलेली नाही, पण एका तारखेची मला काळजी वाटतेय म्हणून आधी तीच सांगतो. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, त्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला पोचली पाहिजे, नाहीतर दावाच लावता येत नाही. दिवस बुकिंगपासून मोजायचे, सामान घरी आलं तेव्हापासून नाही. तुमचं बुकिंग २० मेचं, म्हणजे १६ नोव्हेंबर. लोक फोनवर भांडत बसतात, तो ‘बघतो, करतो’ म्हणत महिने काढतो आणि ही तारीख निघून जाते, असं होताना मी खूप बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या, स्पीड पोस्टने, पोचल्याचा पुरावा मिळेल अशी, आणि तीच ईमेलवरही. पत्ता व्हिजिटिंग कार्डावरचा धरू नका, बिलावरचा जीएसटी नंबर घ्या, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचा नोंदलेला पत्ता दिसतो, तिथे पाठवा.

आता ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे नुकसान झालं तर ते मालकाचं. हे दोन शब्द छापले की आपण सुटलो असं पॅकर्सवाल्यांना खरंच वाटतं, आणि दुर्दैवाने गिऱ्हाइकालाही तसंच वाटतं. पण सुप्रीम कोर्टाने २००० सालीच नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या निकालात सांगितलंय की ओनर्स रिस्कवर माल घेतला तरी वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. आणि २००७ च्या कायद्याचं कलम १२ तर म्हणतं की निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाहीच. तुम्ही दाखवायचं एवढंच, की माल धड अवस्थेत दिला आणि मोडून आला. धड होता हे कशावरून, हा प्रश्न मात्र येणार, त्यामुळे लालबागच्या घरात ट्रेडमिलवर चालतानाचा एखादा जुना व्हिडिओ किंवा शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती घरात कुठे असेल तर शोधून काढा.

सही केली म्हणून घाबरू नका. ‘सामान ठीक मिळालं’ हा कागद रात्री दहा वाजता, सगळे दमलेले असताना, खोके बंद असताना पुढे केला जातो. खोललंच नाही तर आतला रॉड वाकलाय हे कळणार कसं? फक्त तीन दिवसांनी लक्षात आलं तेव्हा तुम्ही त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं का? केलं असेल तर तो मेसेज सोन्यासारखा जपा, फोन बदलू नका, चॅट उडवू नका. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चॅटच्या प्रिंटसोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देईल.

पैशांचं बोलू. कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी, तुम्ही जादा रिस्कचा दर (जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून मोजायचं वाढीव भाडं) भरलेला नसेल तर, भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. आता बिल नीट बघा. १४,५०० एकत्र लिहिलेत की ‘भाडं ३,०००, पॅकिंग इतके, मजुरी इतकी’ असं फोडून लिहिलंय? एकत्र असेल तर दहापट म्हणजे १,४५,०००, फोडलेलं असेल तर पॅकर्सवाला ३,००० ची दहापट म्हणजे फक्त ३०,००० म्हणेल. बिल फोडून देणं दिसायला स्वच्छ वाटतं पण गिऱ्हाइकाचं नुकसान तिथेच होतं. दुसरं म्हणजे फॉर्मवरचे ते ६०,०००. ८५,००० ची ट्रेडमिल आणि मल्टीजिम मिळून ६०,००० टाकले, बहुतेक प्रीमियम कमी बसावा म्हणून, आणि आता तोच आकडा तुमच्यासमोर धरला जाईल. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नव्या मशीनची किंमत मागत बसलो नसतो, कंपनीच्या अधिकृत टेक्निशियनकडून दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घेतलं असतं आणि त्यावर दावा उभा केला असता, अधिक ६,०००, अधिक १,८००, अधिक मनस्ताप आणि खर्च. टेक्निशियनला रिपोर्टमध्ये वाकण्याचं कारणही लिहायला सांगा. मल्टीजिममधला वजनांचा स्टॅक न काढता ती आडवी केली की सगळा भार त्या दोन गाइड रॉडवर येतो आणि ते वाकतात. ट्रेडमिलच्या उभ्या खांबातून डिस्प्लेची वायर जाते, खोलताना किंवा घडी घालताना ती चेपली की एरर येतो. या दोन ओळी कंपनीच्या लेटरहेडवर आल्या की समोरच्याला बोलायला फारसं राहत नाही.

ते १,८०० मला सगळ्यात जास्त खटकले. पॉलिसी नंबर मागा, कुठल्या विमा कंपनीची ते विचारा. विमा फक्त नोंदणी असलेली विमा कंपनीच देऊ शकते, पॅकर्सवाल्याने स्वतःच्या लेटरहेडवर ‘ट्रान्झिट इन्शुरन्स ३ टक्के’ लिहिलं म्हणून तो विमा होत नाही. पॉलिसी निघाली तर तिथे ताबडतोब क्लेम टाका, नाहीच निघाली तर पैसे घेऊन न दिलेली सेवा म्हणून ही वेगळी तक्रार आहे आणि ती नोटिशीत वेगळ्या परिच्छेदात लिहा.

सहा हजारांचं म्हणाल तर, ठरलेलं भाडं थकलं असतं तर माल थांबवायचा काही हक्क त्याला सांगता आला असता. पण दारात येऊन नवीन रक्कम काढायची आणि माल परत नेतो म्हणायचं, हे करार कायद्याच्या कलम १५ मध्ये बसतं, मालमत्ता बेकायदेशीरपणे अडवण्याची धमकी देऊन संमती काढणं म्हणजे जबरदस्ती, आणि जबरदस्तीने घेतलेले पैसे कलम ७२ प्रमाणे परत द्यावे लागतात. तुम्ही यूपीआयने दिलेत हे फार बरं केलंत, रोख दिले असते तर तोंडी वाद झाला असता. पोलिसांत जायचं का असं तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असेल. आत्ता सामान तुमच्याकडे आहे, मशीन मोडणं हा एरवी गुन्हा होत नाही, त्यामुळे माझा भर त्यावर नाही. पुढच्या वेळी असं कुणी टेम्पो अडवून धरला तर मात्र तिथेच उभं राहून ११२ ला फोन करायचा. माल परत केलाच नाही तर न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये वाहतूकदारासाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे सुपरवायझरला शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा ताडपत्री सुटते.

नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुलुंड उपनगर जिल्ह्यात येतं. ‘फक्त अमुक शहरातल्या कोर्टात’ असं बिलावर छापलेलं असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करायचा हक्क २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ३४ ने दिलाय. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, तुम्ही जास्त धरून चाला.

सोसायटीच्या बाबतीत मी वॉचमनच्या बाजूने आहे, राग मानू नका. सहा जणांची लिफ्ट ४०८ किलोची असते, माणशी ६८ धरून, आणि मल्टीजिम, ट्रॉली आणि चार हमाल एकदम आत गेले तर काठावर येतं, शिवाय सगळं वजन ट्रॉलीच्या चार चाकांखाली. डिपॉझिटची पावती घ्या आणि कुठल्या जनरल बॉडी ठरावाने घेतलं ते लेखी विचारा, लिफ्टला काही झालं नसेल तर परत मिळायला हवं, नाही दिलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज.

आता लालबागला राहिलेलं सामान, कारण खरा फायदा अजून तिथे करून घेता येईल. कुणीही हात लावायच्या आधी तुम्ही स्वतः स्पिन बाईक चालवून एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, फ्लायव्हीलचा आवाज ऐकू येऊ द्या, मग कॅमेरा सिरीयल नंबरच्या स्टिकरवर न्या. मग यादी: वस्तू, वजन, आजची खरी किंमत, आधीचे ओरखडे. खरी किंमत लिहा ताई, पुन्हा कमी टाकू नका, जादा रिस्कचा दर मागितला तर भरा आणि बिल्टीवर (माल नेण्याच्या पावतीवर) तसं लिहून घ्या. ती यादी बिल्टीला जोडून त्यावर सुपरवायझरची सही, आणि ‘किती मजले, लिफ्ट बंद असेल तर किती’ हे दोन आकडे आधीच लिहून घ्या, म्हणजे दारातली मागणी उरतच नाही. पॅकिंग त्यांच्याकडूनच करून घ्या, तुम्ही केलंत तर उद्या ‘पॅकिंगच खराब होतं’ म्हणतील.

प्लेट्स एका मोठ्या खोक्यात भरू देऊ नका, तळ फाटून कुणाच्या तरी पायावर पडेल, वीस किलोचे छोटे खोके करा आणि टेम्पोत आधी तेच चढवा, केबिनच्या बाजूला, तळाला, पट्ट्याने बांधून, गादीच्या वर नाही. रॅक पूर्ण सोडवा, बोल्ट एका पिशवीत आणि पिशवी फ्रेमलाच टेपने चिकटवा. बाईकची सीट आणि हँडल काढून वेगळं गुंडाळा, पुढच्या चाकांवर ढकला, हँडलला धरून उचलू देऊ नका. नवीन घरात हे सगळं गॅलरीत ठेवू नका, भिंतीलगत ठेवा, राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भाराचा हिशोब धरून केलेला असतो आणि १२० किलो प्लेट्स रॅकसकट एका कोपऱ्यात रचल्या तर तो आकडा लवकर गाठला जातो. सामान वर आलं की खोके उघडेपर्यंत सही नाही, फारच मागे लागले तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘खोके बंद, आतलं तपासलेलं नाही’.

आणि एक, टेक्निशियन येऊन फोटो, रिपोर्ट, एस्टिमेट होईपर्यंत ट्रेडमिल दुरुस्त करू नका आणि ते वाकडे रॉड भंगारवाल्याला देऊ नका, आयोगापुढे तेच दाखवायचेत.