मालक नवा आला, आता सातबाऱ्यावरचा बोजा बघा

या महिन्यात विषय तुम्हीच ठरवलाय. ऑफसाइड कसा बघायचा, बूट कुठले घ्यायचे हे नेहमीचे प्रश्न होतेच, पण निम्म्याहून जास्त जणांनी फुटबॉल क्लबच्या मालकांबद्दल विचारलंय, आणि इतकं तळमळीनं की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललं.

दादा, मी नाशिकला सिडकोत राहतो. २००८ च्या मॉस्कोच्या फायनलपासून मँचेस्टर युनायटेडचा फॅन आहे, तेव्हा आठवीत होतो, घरचे उठतील म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघितली होती. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ क्लबमध्ये आला तेव्हा आमच्या ग्रुपनी खरंच पेढे वाटले. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो थांबा, साफसफाईला वेळ लागतो, दुसरा म्हणतो हापण जुन्या मालकांतलाच. आशा ठेवायची का नाही?

आधी एक गोष्ट, जी पेढ्यांच्या आनंदात राहून गेली. रॅटक्लिफ युनायटेडचा मालक झालेला नाही रे. डिसेंबर २०२३ मध्ये व्यवहार ठरला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला, त्यात त्याला साधारण पाव हिस्सा मिळाला जो पुढे थोडा वाढला, आणि फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे आला. मोठा हिस्सा अजून जुन्या मालकांकडे, अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाकडेच आहे. म्हणजे कारभारी नवा, पण उतारा जुन्यांच्याच नावावर.

आणि सगळी गोम त्या उताऱ्यातच आहे. २००५ मध्ये काय झालं ते आपल्याकडच्या हिशोबात सांगतो. समज दिंडोरीला कुणाची तरी द्राक्षबाग आहे, डोक्यावर कर्ज नाही, माल एक्स्पोर्टला जातोय. एक माणूस येतो, बाग विकत घेतो, पण बरेचसे पैसे उसनवारीचे, आणि त्यातल्या मोठ्या रकमेला तारण काय तर तीच बाग. सातबारा काढून बघितला तर बोजा चढलाय बागेवर, त्या माणसावर नाही. आता पीक बागेनी द्यायचं, हप्ता बागेनी फेडायचा, वर मालकाच्या घरी जाणारा नफापण बागेतनंच. मग मांडवाचे अँगल गंजले, तारा सैल पडल्या, ठिबकच्या नळ्या फुटल्या तरी तिकडे बघायला पैसे उरत नाहीत. ग्लेझरनी सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला तो असा. त्याआधी युनायटेडवर असं कर्ज नव्हतं. तेव्हापासून शेकडो मिलियन पौंड नुसत्या व्याजात गेलेत आणि मूळ कर्ज अजून उभं आहे. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचला पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून प्रेक्षकांच्या जागेवर धो धो पाणी पडत होतं, तो व्हिडिओ तू बघितलाच असशील. मला ते बघून राग आला नाही, पोटात तुटलं.

आता रॅटक्लिफच्या बाजूनं बोलायचं तर त्यानी हिस्सा घेताना क्लबवर नवं कर्ज चढवलं नाही, उलट ३० कोटी डॉलर क्लबमध्ये घालायचं ठरलं. हे छोटं नाहीये, वीस वर्षांत मालकाच्या बाजूनं पैसा आत येतोय हे फॅन लोकांनी पहिल्यांदाच बघितलं. म्हणून तुमचे पेढे मी चुकीचे म्हणणार नाही.

पण साफसफाईवाल्या मित्राला एक विचार. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग इतकी भकास दिसते की बाहेरच्याला वाटतं संपलं सगळं, आणि तरीही तिथूनच पुढच्या वर्षीचं पीक येतं, हे खरंच आहे. फक्त छाटणाऱ्याला कुठला डोळा ठेवायचा ते कळलं पाहिजे. इथं काय छाटलं? २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे २५० नोकऱ्या. सीझन चालू असताना उरलेल्या घरच्या मॅचेसचं मेंबर तिकीट ६६ पौंड, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनापण तेच, सवलत बंद. आणि त्याच काळात मॅनेजर टेन हागचा करार जुलैमध्ये वाढवला नि ऑक्टोबरमध्ये त्याला काढला, म्हणजे भरपाई आलीच. स्पोर्टिंग डायरेक्टर अ‍ॅशवर्थला न्यूकॅसलकडून खटपट करून आणला तो पाच महिन्यांत गेला. कँटीनमधल्या, ऑफिसमधल्या माणसाचा पगार वाचवायचा आणि वरच्या चुकीच्या निर्णयांवर त्याहून मोठी रक्कम घालवायची, याला मी छाटणी म्हणत नाही. २०२४-२५ ला टीम पंधरावी आली आणि बिलबाओमध्ये टॉटनमकडून युरोपा लीगची फायनलपण हरली, पण माझा मुद्दा तो नाही, हार-जीत होत राहते. आजोबांबरोबर स्टेडियमला येणाऱ्या पोराचं तिकीट महाग करणं हा हिशोबाचा नाही, नजरेचा प्रश्न आहे.

तर आशा ठेव. पण नवीन प्लेयर कोण आला यापेक्षा दरवर्षी क्लबचे हिशोब जाहीर होतात ना, त्यात कर्जाचा आकडा खाली येतोय का ते बघत जा. तो खाली यायला लागला तर मला पत्र टाक, पेढे मी आणतो.

भाऊ, सिन्नरजवळ माझी पोल्ट्री आहे. मुलगा शिकायला इंग्लंडला गेलाय, तो सांगतो की ब्लॅकबर्न भागात पुण्याच्या मालकांचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात. आपल्याच धंद्यातली माणसं, पैसापण घातला म्हणे, मग चुकलं कुठं?

तुमच्या पत्रानं मला बरंच विचारात टाकलं, कारण या गोष्टीत आपल्याकडची माणसं आहेत आणि तिकडच्या लोकांचं दुःखही खरं आहे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा काही ऐरागैरा क्लब नाही. जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलाद व्यवसायातल्या माणसानं त्यात जीव ओतला आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकून दाखवली. तो गेल्यानंतर २०१० च्या नोव्हेंबरमध्ये वेंकीजवाल्यांनी क्लब घेतला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना. महिनाभरात अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं आणि जागा दिली स्टीव्ह कीनला, ज्यानी आधी कुठल्याच क्लबचं मुख्य मॅनेजर म्हणून काम केलेलं नव्हतं. टीम तेव्हा काही बुडत नव्हती हो. २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेली. ज्या मॅचला ते नक्की झालं, विगनविरुद्धच्या, त्यात फॅन लोकांनी चक्क एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली, अंगावर क्लबचं फडकं घातलेली. २०१७ मध्ये तर टीम तिसऱ्या पायरीला पोचली, पुढच्या वर्षी परत वर आली.

पैशाचं म्हणाल तर मालकांनी हात आखडला असं कुणी म्हणणार नाही, वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरलाय. अनेक मालक असे क्लब अर्ध्यात सोडून पळाले, हे नाही पळाले. तरी लोक नाराज का, तर समोर कुणी येत नाही. मालक मॅचला दिसत नाहीत, फॅन लोकांशी बोलत नाहीत, निर्णय कोण घेतं ते कळत नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे. तुम्ही पोल्ट्रीवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रात्री दोनला लाइट गेली तर तुम्ही शेडवर धावता, पुण्यात बसून फोनवर नाही विचारत की पक्षी कसे आहेत. शेडमध्ये पाय टाकल्या टाकल्या आवाजावरून तुम्हाला कळतं की काहीतरी बिघडलंय. फुटबॉल क्लबचं तेच आहे, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचा आवाज ऐकायला तिथं जावंच लागतं.

मुलाला सांगा, जमलं तर एक मॅच ईवुड पार्कला जाऊन बघ आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी बोल. मराठी माणूस आपलं ऐकायला आलाय हे त्याला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

दादा, इंदिरानगरहून लिहितेय. मुलगा नववीत आहे, न्यूकॅसलचा फॅन. क्लासमधली मुलं त्याला चिडवतात की तुमच्या टीमचा पैसा सौदी सरकारचा, रक्ताचा. परवा न जेवता झोपला. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, त्याला काय सांगू?

ताई, त्याला खोटं समाधान देऊ नका, पोरगा मोठा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडानं ८० टक्के हिस्सा घेतला हे खरं आहे, आणि २०१८ मध्ये सौदी सरकारवर टीका करणाऱ्या जमाल खाशोगी या पत्रकाराची इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली हेही खरं आहे. मित्र जे बोलतात त्यात तथ्य आहे.

पण त्याचं न्यूकॅसलवर प्रेम आहे ते त्या फंडामुळे नाही ना. आधीचा मालक माइक अ‍ॅशली १४ वर्षं होता, त्यानं सेंट जेम्स पार्कला स्वतःच्या दुकानांचं नाव देऊन टाकलं होतं, तेव्हापण लोक स्टेडियम भरतच होते. मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला, १९५५ नंतरची पहिली मोठी देशी ट्रॉफी, तेव्हा सत्तरीतली माणसं रडली. ते रडणं मालकाचं नव्हतं. त्याला सांगा, क्लबच्या बाजूनं जोरात ओरड, मालकाची वकिली करायची तुझ्यावर सक्ती नाही, कुणी विचारलं तर सरळ म्हण की हो, मलापण ते आवडत नाही. आणि जेवायला वाढा आधी.

देवळाली कॅम्पहून. नवीन मालकाने जर्सीचा रंग किंवा क्लबचं नाव बदललं तर फॅन काही करू शकतात का?

करू शकतात, आणि करतातही. कार्डिफ सिटी निळा क्लब, २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅननी जर्सी लाल केली. लाल रंगात टीम प्रीमियर लीगलासुद्धा पोचली, तरी लोक निळ्यासाठी भांडत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. आपल्याकडे मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये एटीके हे कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबचं नाव लागलं, कोलकात्यात तीन वर्षं लोकांनी ते काढा म्हणून धरून ठेवलं, २०२३ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकल्यावर मालकांनी ते काढलं. इंग्लंडमध्ये तर २०२५ ला कायदाच झालाय, घरच्या जर्सीचा रंग नि बोधचिन्ह बदलायचं तर फॅन लोकांना विचारावं लागणार. आपल्याकडे असा कायदा यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

दादा, मी गंगापूर रोडला टर्फवर खेळते, अकरावीत आहे. एवढे उद्योगपती आहेत, नाशिकच्या टीमला कुणी मालक का मिळत नाही? मिळाला तर आपलं भलं होईल ना?

होईल बेटा, पण तू ज्या मालकाची वाट बघतेस तो महाराष्ट्रात येऊन गेलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. महिंद्रा युनायटेड, मुंबईची टीम, ज्या महिंद्राची फॅक्टरी आपल्या सातपूरला आहे त्यांची, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं टीम बंद केली. पुणे एफसी आय-लीगमध्ये झुंजली, २०१५ पर्यंत संपली. मग एफसी पुणे सिटी.

तिची मॅच मी बघितलीये. मार्च २०१८, बालेवाडी, बेंगळुरूविरुद्ध सेमीफायनलची पहिली लेग. आम्ही चौघं इथून गाडी काढून गेलो, संगमनेरला चहा, नारायणगावला ट्रॅफिक, पोचेपर्यंत घशाला कोरड. मॅच ०-० सुटली, पण केशरी जर्सीवाली पोरं ढोल वाजवत नव्वद मिनिटं उभी होती, आपला नाशिक ढोल तिथं असता तर काय झालं असतं असं आम्ही परतीच्या वाटेवर बोलत होतो. पहाटे घरी आलो. दीडच वर्षात, २०१९ ला, तो क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ती ढोलवाली पोरं कुणाला सपोर्ट करणार होती, ते कुणी विचारलंही नाही.

म्हणून मालक आला की माझी पहिली शंका एवढीच असते की हा गेला तर मागं काय राहील. ग्राउंड राहील का, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची टीम राहील का, कोचचा पगार कुणी देईल का. मुंबई सिटीचं बघ, २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनी ६५ टक्के हिस्सा घेतला, दोनदा लीग जिंकून दिली, आणि २०२५ च्या शेवटी आयएसएलचंच भवितव्य डळमळीत झालं तेव्हा ते निघून गेले. बरं, त्यांना मी दोष देत नाही, लीगच होईल का नाही हे माहीत नसताना कोण थांबेल.

मालक येईल तेव्हा येऊ दे. तुमच्यात अकरा मुली आहेत का, शनिवार-रविवार कुठल्या वेळेला खेळता, नुसतं टर्फवर का कुठलं मोठं ग्राउंड मिळतं, कोच कोण आहे, हे मला लिहून पाठव. जाळी फाटली असेल तर तेपण लिही. पुढच्या रविवारी मी येतो बघायला.