मण्यार की कवड्या? आणि इतर प्रश्न

प्रश्न : रात्री बाथरूमच्या कोपऱ्यात काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला आणि मोरीतून निघून गेला. घरातले म्हणतात मण्यार, शेजारचे काका म्हणतात कवड्या, बिनविषारी असतो. नक्की ओळखायचं कसं? मुलं खाली गादी टाकून झोपतात.

उत्तर : फोटो नाही म्हणजे मी इथे बसून काही छातीठोक सांगणार नाही, पण फरक सांगतो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, तिथे चांगले रुंद असतात आणि शेपटीकडे जाता जाता पुसट होतात. मण्यारचं बरोबर उलट, मानेजवळ पट्टे नसतात किंवा नुसते ठिपके असतात आणि मागे शेपटीपर्यंत बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने, स्पष्ट दिसतात. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. आता गोची अशी की मण्यारच्या पिल्लांचे पट्टे पार पुढपर्यंत असू शकतात आणि खवले बघायला वाकायचं म्हणजे नको तो उद्योग. भिंतीवर सरसर चढून पालीच्या मागे लागलेला दिसला तर बहुतेक कवड्या, पण 'बहुतेक'वर साप हातात घेत नाहीत. लांबून फोटो काढा, नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा.

मुलांचं मात्र आजच बघा. मण्यार दिवसा अगदी गरीब वाटतो, डिवचला तरी डोकं वेटोळ्यात लपवतो, आणि रात्री भक्ष्य शोधत फिरतो. त्याला माणूस नको असतो, उंदीर, पाली, दुसरे साप हवे असतात, ते घरात येतात म्हणून तोही येतो, आणि अंथरुणात माणूस कुशीवर वळला, त्याच्यावर हात पडला की चावतो. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, सूज नाही, दुखणंही जवळजवळ नाही, त्यामुळे कित्येकांना जागच येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, ओवा देतात, आणि तोवर पापण्या जड होऊन खाली यायला लागतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. खाली झोपलेल्या माणसाला असं झालं तर चाव्याची खूण शोधत बसू नका, थेट व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा. मण्यारचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, एकदा लकवा बसला की अँटीव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, तो उलटवत नाही, मग मज्जातंतू सावरेपर्यंत श्वास मशीनवरच चालवावा लागतो. पण वेळेत पोचलेली माणसं बरी होऊन घरी जातात.

उपाय साधा आहे. कॉट, आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. नेपाळमध्ये 2007 साली यावर अभ्यास प्रसिद्ध झाला, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झालेला दिसला. मोरीला जाळी लावा. फिनेल, लसूण, कार्बोलिक वगैरे शिंपडण्यात पैसे घालवू नका, साप त्याने थांबत नाही.

प्रश्न : घोणस माणूस जवळ आला तरी पळत का नाही?

उत्तर : कारण न हलणं हाच त्याचा बचाव. पाचोळ्यात अंगावरचे तपकिरी गोल इतके मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर आहात तिथेच थांबा, आवाज कुठून येतोय बघा, मगच सावकाश मागे व्हा. रात्री बॅटरी आणि बूट. आणि चावलाच तर करकचून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, चोखणं यातलं काहीही करू नका, अंगठी-बांगड्या काढा, तो भाग हलू देऊ नका आणि निघा. याच्या विषाने रक्त गोठायचंच थांबतं, त्यात ब्लेड म्हणजे वाहणारं रक्त थांबतच नाही.

प्रश्न : नाग मारला, आठवड्यात तिथेच दुसरा आला. जोडीदार सूड घेतो ना?

उत्तर : नाही हो. उंदीर तेच, बीळ तेच, भिंतीची भेग तीच, म्हणून दुसरा आला. भेग बुजवा.