तारखा आधी पेन्सिलीने लिही

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा कुकर लावत होते, नीट बोलता आलं नाही. तुझ्या बायकोला दिवस गेल्याची बातमी ऐकून फार बरं वाटलं. पाचवा लागेपर्यंत कळू दिलं नाहीस, म्हणजे तुझ्या आईचं वळण अजून आहे म्हणायचं! पण बोलता बोलता तू एक वाक्य टाकलंस ते डोक्यातून जाईना: "तिच्या रजेचं तिचं एचआर बघेल मॅडम, मला किती मिळते ते विचारायचं होतं."

सत्तावीस वर्षं मी हजेरी आणि पगाराच्या टेबलावर काढली. त्यातली दोन तू माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून काढलीस. "एचआर बघेल" या वाक्याचं पुढे काय होतं ते तुला निदान थोडं तरी ठाऊक असायला हवं होतं. म्हणून तुझ्या रजेचं मागाहून, आधी तिच्या.

ती १ ऑगस्टला रुजू झाली आणि डॉक्टरांनी १५ मार्च दिली आहे, असं तू म्हणालास. तिला तिथे कोणीतरी सांगितलं की प्रोबेशनवर बाळंतपणाची पगारी रजा नसते. साफ चूक. कायदा एवढंच विचारतो की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने ८० दिवस काम केलं का. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. प्रोबेशन, कन्फर्मेशन हे कंपनीचे शब्द, कायद्याचे नव्हेत. तिचे ८० दिवस डिसेंबर संपायच्या आत सहज भरतील. आणि "रुजू होताना दिवस गेलेत हे सांगितलं नाही" असा सूर कोणी लावलाच, तर घाबरू नका. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये शेवटच्या पाळीची तारीखसुद्धा विचारत असत. ती न सांगितल्यावरून एका मुलीला काढलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि असले प्रश्न फॉर्मवर शोभत नाहीत असं सुनावलं.

तू आमच्याकडे होतास तेव्हा आपण १९६१चा मातृत्व लाभ कायदा उघडून बसायचो. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. आकडे मात्र तेच राहिले. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर तिला कामावर येऊ देण्याचीही मालकाला मुभा नाही, तिची स्वतःची इच्छा असली तरी.

आता कालनिर्णय काढ. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. "रविवार धरून" हे ऐकून तुला रजा चोरल्यासारखं वाटेल, पण हिशोब दोन्ही बाजूंनी आहे. आठवडा म्हणजे सहा दिवस की सात, हा वाद एका मळ्यातल्या कामगार बाईमुळे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७७ मध्ये निकाल लागला: सात. म्हणजे पैसेही सातच दिवसांचे द्यायचे. मळेवाला सहाचेच देऊ पाहत होता.

तर, आधीचे आठही आठवडे घेतले तर तिची रजा १८ जानेवारीला सुरू होऊन १८ जुलैला संपते. बाळ तेव्हा चार महिन्यांचं. तेच १ मार्चपासून घेतली तर २९ ऑगस्टपर्यंत जाते, बाळ साडेपाच महिन्यांचं. डॉक्टर सहा महिने फक्त अंगावरचं दूध म्हणतात ना, मग या सहा आठवड्यांचं मोल तुझ्या लक्षात येईल. पण हे गणित म्हणून तिला शेवटच्या दिवसापर्यंत बसने पाठवू नकोस. मी १९९४ मध्ये तेच केलं. तेव्हा एकूण १२च आठवडे होते, म्हणून आदल्या संध्याकाळपर्यंत पगारपत्रकं तपासत बसले आणि वाचवलेला एकेक दिवस बाळासाठी ठेवला. मुलगी पावणेतीन महिन्यांची असताना परत आले. दुपारी ब्लाउज भिजायचा, मी छातीशी फाईल धरून चालायचे. साहेब चांगले होते, पण त्यांना हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. कायद्यात होता! बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजायला दोन जादा सुट्ट्या देणं तेव्हाही बंधनकारक होतं. पगाराच्या टेबलावर बसून मीच तो वाचला नव्हता.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात जड होतो. आमच्याकडे असेंब्लीत, म्हणजे सुटे भाग जोडायच्या खात्यात, एक मुलगी होती, पहिलटकरीण. चौथ्या महिन्यात गेलं. ती पाच दिवसांनी कामावर आली, कारण तेवढ्याच रजा शिल्लक होत्या. तिचा अर्ज माझ्या टेबलावरून गेला. कारण म्हणून "पोटात दुखणे" लिहिलं होतं आणि मी पाच दिवस किरकोळ रजेत घालून सही केली. गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा मिळते, ती वेगळी, कशातून वजा होत नाही. मला हे माहीत होतं. मी विचारलं नाही, एवढंच. तुमच्या बाबतीत याची वेळ कधी न येवो, पण उद्या तू कोणाचा साहेब होशील आणि तुझ्यापुढेही असा अर्ज येईल.

पैशाचं. रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी मजुरीप्रमाणे पूर्ण पैसे मिळतात. आधीच्या काळाचे आगाऊ, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत, असं कायदा म्हणतो. मी ४८ तासांत दिलेले कधी पाहिले नाहीत, महिन्याच्या पगारासोबतच येतात, आणि बायकाही त्यावर भांडत नाहीत. रजेच्या काळात नोकरीवरून काढता येत नाही की सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. कंपनीने बाळंतपणाची मोफत सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. रक्कम चिल्लर आहे, पण मागा.

आणि हे सगळं मालकाच्या खिशातून जातं, हेही ध्यानात असू दे. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांना राज्य विमा, म्हणजे ईएसआय देतं, वर्गणीच्या निधीतून. बाकीच्यांचं एकटी कंपनी. म्हणून तर मुलाखतीत "लग्न कधी?" असं गोड आवाजात विचारतात. हे कोडं जुनं आहे. देशातला पहिला असा कायदा आपल्या मुंबई इलाख्यात झाला, १९२९ मध्ये, गिरणीतल्या बायकांसाठी. आदल्या वर्षी विधेयक कौन्सिलात आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना म्हटलं होतं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा. शंभर वर्षं होत आली, भार अजून जिथल्या तिथे आहे.

आता तुझं. केंद्र सरकारच्या नोकरीत असतास तर १५ दिवस पितृत्व रजा मिळाली असती, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येते. खासगीत बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. तुझी कंपनी आपणहून दहा दिवस देते म्हणालास, हे चांगलंच. पण ते कधीपर्यंत घ्यायचे ते पॉलिसीत वाच. काही ठिकाणी महिन्याभरात नाही घेतले तर जातात.

आणि इथे माझं म्हणणं तुला विचित्र वाटेल. बाळ झालं की सगळे बाप आठवडाभर घरी बसतात. त्या आठवड्यात घरात तुझी आई, तिची आई, मालिशवाली, शेकशेगडी, अळिवाची खीर, आणि दारात पाहुणे. तू फक्त चहा आणि औषधं आणशील, फोटो काढशील. दहातले चार-पाच दिवस तेवढ्याला पुरे. तुझी खरी गरज आहे ३० ऑगस्टला. ती सकाळी डबा घेऊन निघेल, दोन्ही आज्या आपापल्या घरी गेलेल्या असतील, आणि बाळ बाटली तोंडात धरणार नाही. त्या पंधरवड्यासाठी तुझी अर्जित रजा आत्तापासून साठव. दिवाळीत चार दिवस गोव्याला उडवू नकोस. मार्चमध्येच साहेबाला लेखी सांगून ठेव की ऑगस्टअखेर दोन आठवडे मी नाही. आठ दिवस आधी सांगितलंस तर "रिलीज आहे" म्हणतील, सहा महिने आधी सांगितलंस तर कोणाला काही सुचणार नाही.

पाळणाघराचं तिच्या कंपनीत विचार. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर सोय करणं बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तिच्याकडे साठ-पासष्ट जण आहेत ना? बहुधा "आमचं टाय-अप आहे" म्हणतील. मग ते पाळणाघर दोघांनी जाऊन पाहा, दुपारी दोनच्या सुमाराला, न कळवता. सकाळी सगळीच पाळणाघरं छान असतात. घरून काम हवं असेल तर तेही रजेनंतर मागता येतं, पण तो हक्क नाही, दोघांच्या संमतीचा मामला आहे. म्हणून ते बोलणं ती रजेवर जाण्याआधी आणि ईमेलवर व्हावं.

अर्ज तिचा असला तरी मसुदा तू कर आणि मला पाठव. तारखा आधी पेन्सिलीने लिही. १५ मार्च डॉक्टरांनी दिली आहे, बाळाने नाही.

तुझी
मॅडम

ता.क. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या सुनेलाही दिवस गेलेत असं तू ओझरतं म्हणालास. पहिलंच असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवायला सांग. तिला रजा कोण देणार, हे मात्र मला विचारू नकोस.